रचलेल्या कंटेनरमधून बिनतारी निरोप बाहेर कसा येतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्याजवळ आपले कंटेनर यार्ड असून तिथे 20 आणि 40 फुटी कंटेनर तीन थरांत रचलेले असतात. त्यांत सोयापेंड, हळद आणि कापसाच्या गाठी असतात आणि माल रेल्वेने न्हावा शेवा बंदराकडे जाईपर्यंत कधी चार दिवस तर कधी तीन आठवडे तिथेच राहतो. माल ओलावला किंवा तापला तर वेळेवर कळावे म्हणून आपण प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान व आर्द्रता मोजणारे वाय-फायचे यंत्र ठेवून पाहिले. दार उघडे असेपर्यंत ते ऑफिसशी बोलते आणि दार लावले की गप्प होते. दुकानदाराने 865 मेगाहर्ट्झचे, जास्त ताकदीचे लोरा (कमी वेगाने पण दूरवर निरोप पाठवण्याची बिनतारी पद्धत) मॉड्यूल घ्यायला सांगितले आहे, आणि ‘किती वॅटचे घेतले म्हणजे लहर पत्र्यातून आरपार जाईल’ असे आपण विचारले आहे.

मी गेली वीसेक वर्षे वाळूज, शेंद्रा आणि जालना भागांतल्या कारखान्यांत बिनतारी मोजयंत्रणा बसवण्याचे काम करतो आहे आणि हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत अनेकदा विचारला गेला आहे. कितीही वॅटचे यंत्र घेतले तरी लहर पत्र्यातून आरपार जाणार नाही. दार लावल्यावरही काही कंटेनरमधून निरोप बाहेर येतो हेही तितकेच खरे आहे, पण तो पत्र्यातून येत नसून फटींतून येतो. त्यामुळे ताकद किती हवी यापेक्षा आपल्या कंटेनरला फट कुठे आहे, ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि तिच्यासमोर ऐकणारा कोण आहे, हे पाहावे लागते.

आधी पत्र्याचे पाहू. कंटेनरच्या बाजूचा पन्हळी पत्रा साधारण 1.6 मिलिमीटर आणि छताचा 2 मिलिमीटर जाडीचा असतो. आपल्याला तो पातळ वाटतो, परंतु 866 मेगाहर्ट्झची, म्हणजे दुकानदाराने सांगितलेल्याच पट्ट्यातली लहर पोलादात शिरली की काही मायक्रोमीटर खोलीवरच तिची तीव्रता जवळपास एकतृतीयांशावर येते आणि पुढच्या तेवढ्याच खोलीवर उरलेल्याची पुन्हा एकतृतीयांश होते. 1.6 मिलिमीटर म्हणजे 1600 मायक्रोमीटर, म्हणजे ही घट शेकडो वेळा व्हायची आहे. डेसिबलच्या (लहरीच्या ताकदीतली घट-वाढ मोजण्याच्या मापाच्या) भाषेत ही घट हजाराच्या पुढे जाते, तर एक वॅटचे यंत्र काढून दहा वॅटचे बसवल्यास आपल्या हाती केवळ 10 डेसिबल लागतात. ज्यांना हे आकडे पटत नाहीत त्यांना मी घरची पत्र्याची धान्याची कोठी घ्यायला सांगतो. तिच्यात मोबाइल ठेवून झाकण नुसते टेकवले तर फोन बहुधा वाजतो. झाकणाच्या कडेने अॅल्युमिनियमची चिकटपट्टी सगळीकडून नीट दाबून लावली की तोच फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ जातो. पत्रा दोन्ही वेळा तोच असतो, फरक कडेच्या फटीचा असतो.

आता फटींकडे येऊ, कारण खरे काम तिथेच आहे. फट किती रुंद आहे हे आपण पाहतो, परंतु लहरीच्या दृष्टीने तिची लांबी महत्त्वाची असते. तरंगलांबीच्या निम्म्याहून अधिक लांब असलेली चीर, मग ती दोन-तीन मिलिमीटर रुंद का असेना, लहर चांगली बाहेर सोडते. याउलट लहान गोल भोक, डोळ्यांना कितीही उघडे दिसले तरी, तिच्यासाठी भिंतच असते. 866 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 34.6 सेंटिमीटर, म्हणजे निम्मी 17.3 सेंटिमीटर. कंटेनरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात हवेसाठी प्लास्टिकची झाकणे असतात आणि त्यांच्यामागे पत्र्याला बारीक भोके पाडलेली असतात. बहुतेक जण यंत्र नेमके त्या भोकांपाशी चिकटवतात, कारण माणसाला तिथून वारा आणि उजेड येताना दिसतो. सुरुवातीला मीही तेच केले आणि त्यात एक आख्खा आठवडा घालवला. दाराच्या कडेने मात्र रबरी पट्टी असते. रबर या लहरींना अडवत नाही आणि दोन पाकळ्यांमधली उभी चीर, वरची आडवी चीर व खालची आडवी चीर या प्रत्येकी दोन-सव्वादोन मीटर लांब असतात. दार बंद असलेला कंटेनर जे काही बोलतो ते मुख्यतः या चिरांतून बोलतो.

दुसरी वाट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कंटेनरचा तळ. तो पोलादी पत्र्याचा नसतो. आडव्या पोलादी पट्ट्यांवर साधारण 28 मिलिमीटर जाडीचे प्लायवूड टाकलेले असते. प्लायवूडमधून लहर सहज खाली उतरते. पण त्याखाली दुसऱ्या कंटेनरचे छत असते, आणि कोपऱ्यांतल्या जाड ठोकळ्यांमुळे वरचा कंटेनर खालच्याच्या छतापासून केवळ काही सेंटिमीटर वर उचललेला राहतो. तेवढ्या चपट्या जागेतून लहर आडवी सरकत बाहेर येऊ शकते, पण ती दाराच्या चिरांइतकी भरवशाची नसते. सर्वांत खालच्या थराला तर ही वाट जवळपास नाहीच, कारण खाली काँक्रीट किंवा मुरूम असतो आणि पावसाळ्यात तो ओला असतो. तळाच्या थरातले कंटेनर वरच्यांपेक्षा अबोल का असतात, याचे एक कारण हे आहे.

आता आपल्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण आपण प्रश्नात दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर उत्तर बदलते. पहिली, हे कंटेनर आपल्या मालकीचे आहेत की शिपिंग लाइनचे. दुसरी, ते एकाच जागी राहतात की रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारे वाहन) त्यांना रोज इकडचे तिकडे करतो. न्हावा शेव्याला जाणारा माल म्हटल्यावर ते लाइनचे आणि हलणारे असावेत असे मी धरतो. यार्डात आपले स्वतःचे जुने, गोदाम म्हणून वापरलेले कंटेनरही असतील तर त्यांचा मार्ग वेगळा आणि पुष्कळ सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो.

मालकीचे आणि एका जागी राहणारे कंटेनर असतील तर बिनतारीचा हट्टच धरू नये. मोजणारे टोक आत ठेवावे, दाराच्या बाजूच्या चौकटीत एक भोक पाडून त्यात पाणी न शिरणारा ग्लँड बसवावा आणि आरएस-485 ची (एकाच तारेवर अनेक यंत्रे जोडण्याच्या पद्धतीची) एकच तार सगळ्या थप्पीभर फिरवावी. ही तार कमी वेगाला सुमारे 1200 मीटरपर्यंत काम करते आणि मूळ मानकाप्रमाणे एका तारेवर 32 यंत्रे बसतात. मराठवाड्यात मे महिन्यातल्या वळवाच्या विजांनी अशा तारा जळतात, त्यामुळे दोन्ही टोकांना विद्युतदृष्ट्या अलग केलेले भाग आणि सर्ज संरक्षण घ्यावे. थप्पीला चांगले अर्थिंगही द्यावे. तार नकोच असेल तर पत्र्यावर बसवायची चपटी, बोल्टची अँटेना बाहेर काढावी, मात्र ती छतावर नसावी, कारण वर दुसरा कंटेनर येतो. शेवटच्या भिंतीच्या पन्हळीच्या खोबणीत ती बसते. ही खोबण काही सेंटिमीटरच खोल असते, म्हणून अँटेना त्याहून कमी उंचीची निवडावी. ती पत्र्याच्या रेषेबाहेर आली तर रीच स्टॅकर तिला पहिल्याच महिन्यात उडवतो. माझ्या अशा दोन गेल्या आहेत.

लाइनच्या कंटेनरला मात्र भोक पाडण्याचा विचारही करू नये. कंटेनर सुरक्षिततेच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे त्याची तपासणी झालेली असते, तो पावसाला बंद असावा अशी अपेक्षा असते, आणि कस्टमच्या दृष्टीने सीलबंद कंटेनरला नवे भोक म्हणजे आत हात घालण्याची वाट. त्यामुळे अशा कंटेनरसाठी दोनच पर्याय उरतात: बोलणारे यंत्र बाहेर ठेवून मोजणारे टोक रबरी पट्टीखालून आत न्यायचे, किंवा सगळे आतच ठेवून दाराच्या चिरेवर भरवसा ठेवायचा.

पहिला पर्याय जास्त खात्रीचा आहे. निर्यातीच्या कंटेनरवर 2017 पासून आरएफआयडीचे (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे) इलेक्ट्रॉनिक सील लावतात, ते आपण रोज पाहत असाल. ते त्याच 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालते, त्यात बॅटरीसुद्धा नसते, तरीही ते वाचता येते. याचे साधे कारण असे की ते दाराच्या बाहेर असते. आपले यंत्रही दाराच्या दांड्यांच्या मधल्या खोलगट जागेत चुंबकाने किंवा पट्ट्याने बसवता येते. त्यापासून एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची चपटी केबल रबरी पट्टीखालून आत न्यावी आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोलाच्या तळाशी टपकेल. हे काम दार बंद करून सील लावण्यापूर्वी करावे लागते आणि कस्टमशी व शिपिंग लाइनशी आधी बोलून ठेवावे लागते. गोल, जाड केबल कधीही घालू नये. तिच्यामुळे रबर उचलले जाते, आणि ज्या ओलाव्याची राखण करायची तोच आपण आत घेतो.

काही मालकांना बाहेर काहीच नको असते, कारण ते चोरीला जाते किंवा हमालांच्या हाताखाली मोडते. मग आतून बोलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि इथे जागेची निवड ताकदीपेक्षा फार जास्त फरक करते. बंद कंटेनरमध्ये लहर भिंतींवर आपटून परत फिरत राहते, त्यामुळे आत काही ठिकाणी ती जोरात आणि काही ठिकाणी जवळजवळ शून्य असते, आणि या दोहोंतले अंतर तरंगलांबीच्या पाव भागाइतके, म्हणजे साडेआठ-नऊ सेंटिमीटर असू शकते. यंत्र वीतभर सरकवल्याने मेलेला संपर्क जिवंत झाल्याचे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. तेव्हा एकाच जागी ठेवून ‘चालत नाही’ असा निकाल देऊ नये.

अँटेना पत्र्याला समांतर चिकटवणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. पत्र्यात तिची उलटी प्रतिमा तयार होते आणि दोन्ही मिळून एकमेकांना खोडतात, शिवाय अँटेनाची ठरलेली वारंवारताही सरकते. तिच्यात आणि पत्र्यात पाव तरंगलांबीचे, म्हणजे साधारण 9 सेंटिमीटर अंतर असावे. मी पीव्हीसी नळीचा तेवढा तुकडा कापून त्यावर यंत्र बसवतो. दिसायला गावठी आहे, पण काम चोख होते. जागा म्हणाल तर दाराच्या वरच्या आडव्या चिरेपाशी, दोन पाकळ्या मिळतात त्याच्या आसपास. तिथे वरची आणि उभी अशा दोन चिरा एकत्र मिळतात आणि माल सहसा छताला भिडलेला नसतो.

मालाचे मी मुद्दाम म्हणतो आहे. वाळूजमधल्या एका कारखान्यासाठी आम्ही सुटे भाग ठेवण्याच्या कंटेनरांत यंत्रे बसवली, रिकाम्या कंटेनरवर दोन दिवस चाचणी घेतली आणि सगळी यंत्रे व्यवस्थित बोलतात असे लिहून दिले. आठवड्याने माल भरला आणि निम्मी यंत्रे गप्प झाली. खोके थेट अँटेनाला टेकवून रचले होते, आणि रिकाम्या कंटेनरमध्ये भिंतींवरून फिरणारी लहर आता मालात जिरत होती. आपल्याकडची सोयापेंड आणि हळद यांच्यात थोडाफार ओलावा असतोच आणि पाणी या लहरी शोषते. 2.4 गिगाहर्ट्झला, म्हणजे वाय-फायच्या वारंवारतेला, हे शोषण 866 मेगाहर्ट्झपेक्षा जास्त जाणवते. म्हणून चाचणी भरलेल्या कंटेनरवर घ्यावी आणि पोती भरताना दारापाशी हातभर जागा मोकळी सोडायला हमालांच्या मुकादमाला सांगावे. ही मोकळी जागा मिळाली नाही तर पुढचे सगळे गणित कोसळते.

बोलणारे यंत्र दाराशी असले तरी मोजणारे टोक तिथे ठेवू नये. दाराजवळचे तापमान दाराचेच असते, मालाचे नसते. दोन-तीन मीटरची तार घेऊन एक टोक पोत्यांच्या मधोमध आणि दुसरे छताखाली लावावे. कंटेनरला घाम फुटतो तो छताला. रात्री पत्रा थंड झाला की दिवसभर मालातून निघालेली वाफ तिथे थेंब होऊन खाली पडते. आपल्याला नुकसान टाळायचे असेल तर छताखालचा आकडाच आधी इशारा देईल.

आता वारंवारतेबद्दल. दुकानदाराचा 865 मेगाहर्ट्झचा सल्ला एकूण बरोबर आहे, पण ‘वारंवारता जितकी कमी तितके चांगले’ हा समज रचलेल्या कंटेनरांच्या बाबतीत अर्धवट आहे. दोन थप्प्यांमधली अरुंद गल्ली म्हणजे समोरासमोर उभे केलेले दोन पत्रे. अशा गल्लीतून लहर जाते की नाही हे तिच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेवर ठरते. क्षेत्र एका पत्र्याकडून दुसऱ्याकडे, म्हणजे आडवे असेल तर गल्ली कितीही अरुंद असली तरी लहर आत शिरते. क्षेत्र उभे असेल तर मात्र गल्लीची रुंदी निम्म्या तरंगलांबीहून जास्त असावी लागते. 866 मेगाहर्ट्झला ही मर्यादा 17.3 सेंटिमीटर आहे, 2.4 गिगाहर्ट्झला सव्वासहा सेंटिमीटर, आणि 433 मेगाहर्ट्झला तब्बल 34.6 सेंटिमीटर. गल्ली 10 सेंटिमीटरची असेल तर 866 मेगाहर्ट्झची उभ्या अँटेनाची लहर मीटरभर अंतरात संपते, तर तिथेच 2.4 गिगाहर्ट्झची आरामात पुढे जाते. व्यवहारात सगळे जण अँटेना उभी लावतात, कारण ती उभी शोभते. अरुंद गल्लीसाठी ती आडवी, गल्लीला काटकोनात लावून पाहावी. पन्हळ्या, कोपरे आणि कड्या यांवर आपटून लहरीची दिशा थोडी विस्कटते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक गणिताइतका टोकाचा दिसत नाही. पण तो असतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हाच विचार दाराच्या चिरांनाही लागू होतो. उभ्या चिरेतून येणाऱ्या लहरीचे क्षेत्र आडवे असते, आडव्या चिरेतून येणाऱ्या लहरीचे उभे. म्हणून ऐकण्याच्या जागी मी एक अँटेना उभी आणि एक आडवी, अशी दोन गेटवेंची (यंत्रांचे निरोप ऐकून सर्व्हरकडे पाठवणाऱ्या उपकरणांची) जोडी ठेवतो.

तरीही 865 चा पट्टा निवडावा असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण लोराची सावकाश बोलण्याची सोय हे आहे. लोरामध्ये ‘स्प्रेडिंग फॅक्टर’ 7 पासून 12 पर्यंत वाढवता येतो. तो 12 वर नेला की यंत्र तोच निरोप वीस-पंचवीस पट वेळ लावून, ओढून ओढून म्हणते आणि गेटवेला सुमारे 14 डेसिबल कमी आवाजातले ऐकू येते. 25 मिलिवॅटचे मॉड्यूल टाकून एक वॅटचे घेतले तर 16 डेसिबल मिळतात. म्हणजे चाळीस पट ताकदीने जे साधते, जवळपास तेवढेच थोड्या सबुरीने साधते. 25 मिलिवॅट आणि फॅक्टर 12 धरला तर पाठवणारा आणि ऐकणारा यांच्यात सुमारे 150 डेसिबलची घट चालते. मोकळ्या मैदानात 200 मीटर अंतराला त्यातले 77 खर्च होतात आणि 70 च्या वर फटींसाठी व मालासाठी उरतात. माझ्या कामात दार बंद करण्याने साधारण 20 ते 40 डेसिबल जातात, आणि थप्पीच्या आत दडलेल्या कंटेनरचे आणखी. हिशेब बसतो, पण ऐसपैस बसत नाही.

सबुरीची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते, आणि ती मोठ्या यार्डात दुर्लक्षित करता येत नाही. फॅक्टर 12 वर एक लहान निरोप सुमारे दीड सेकंद हवा अडवतो. समजा 300 कंटेनर दर 15 मिनिटांनी बोलले, तर 900 सेकंदांत 450 सेकंदांचे बोलणे होते. भारतातल्या तीन मूळ चॅनेलांवर ते वाटले तरी शंभरातले सुमारे 28 निरोप एकमेकांवर आदळून फुकट जातील. तेच तासाला एकदा बोलले तर 8 जातील. पोत्यांचे तापमान तासाभरात फार बदलत नाही, तेव्हा तासाला एकदा पुरे. प्रत्येक निरोपात मागच्या दोन-तीन वेळांचे आकडेही जोडावेत, म्हणजे एखादा हरवला तरी नोंद तुटत नाही. आणि सगळी यंत्रे एकाच ठोक्याला बोलू नयेत म्हणून प्रत्येकाची वेळ थोडी मागेपुढे करावी.

कायद्याचे दोन शब्द. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 पासून परवान्याविना खुला आहे आणि 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढवला गेला. प्रक्षेपकाची ताकद एक वॅट आणि अँटेनासह परिणामी ताकद चार वॅट ही कमाल मर्यादा आहे, आणि उपकरणाला दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता लागते. ऑनलाइन स्वस्त मिळणारे 915 मेगाहर्ट्झचे मॉड्यूल अमेरिकेसाठीचे असते. आपल्याकडे ती जागा मोबाइल सेवेच्या पट्ट्याच्या काठावर येते, ते वापरू नये.

याच पट्ट्यातली एक अडचण आपल्या यार्डाच्या फाटकावर बसलेली असू शकते. आरएफआयडी सील वाचणारे यंत्र याच वारंवारतेवर आणि मोठ्या ताकदीने बोलते, आणि त्याच्याजवळ ठेवलेला गेटवे त्या गोंगाटात बहिरा होतो. जालना भागातल्याच एका ठिकाणी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा निरोप येत नसत आणि रात्री सगळे येत. आम्ही दोन दिवस बॅटऱ्या बदलत बसलो होतो. फाटकावरचा वाचक त्याच वेळात सुरू असतो हे तिथल्या सुरक्षा रक्षकाने सांगितले, तेव्हा उलगडा झाला. गेटवे तिथून दूर, थप्प्यांच्या पलीकडे नेल्यावर तक्रार संपली.

गेटवेची जागा हा बहुतेकांनी ऑफिसच्या गच्चीवर सोडलेला विषय आहे. ऑफिस कुठे आहे याचा कंटेनरच्या दाराशी काही संबंध नसतो. ज्या गल्लीकडे दारे तोंड करून आहेत तिच्या टोकाशी, दिव्याच्या खांबावर गेटवे असावा. तीन थरांची उंची पावणेआठ मीटर होते, उंच कंटेनर असतील तर जवळपास पावणेनऊ. खांबावर 6 ते 10 मीटरच्या दरम्यान दोन-तीन उंचींवर लावून पाहावे, कारण फार वर नेले तर गेटवेला छतेच दिसतात आणि दारे दिसत नाहीत. यार्डाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन गेटवे असले तर बरे, कारण एकच निरोप दोघांनी ऐकला तरी सर्व्हर एक गाळून टाकतो, आणि रीच स्टॅकरने एकाची वाट अडवली तर दुसरा ऐकतो.

इथे एक खरा झगडा आहे आणि त्याला तांत्रिक उत्तर नाही. चोरी होऊ नये म्हणून पुष्कळ यार्डांत कंटेनरची दारे एकमेकांसमोर, वीतभर अंतरावर ठेवतात. रेडिओला नेमके उलटे हवे असते. संवेदनशील मालाच्या कंटेनरांपुरती एक रांग दारे मोकळ्या गल्लीकडे करून ठेवायची आणि तिथे कॅमेरा लावायचा, अशी तडजोड मी सुचवतो. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी बाहेरचे यंत्र आणि आडवी अँटेना घ्यावी. मधल्या कंटेनरांचे निरोप कडेच्या यंत्रांनी पुढे ढकलण्याची पद्धतही आहे, पण जिथे थप्प्या रोज बदलतात तिथे आजचा कडेचा कंटेनर उद्या मध्ये जातो, आणि पुढे ढकलणारे यंत्र सतत जागे राहत असल्याने त्याची बॅटरी लवकर बसते. स्थिर थप्प्यांना ती पद्धत ठीक आहे, आपल्याला नाही.

बॅटरीबद्दल इतकेच, की जालन्याच्या मे महिन्यात छताखालची हवा 60 अंशांच्या आसपास जाते. मोबाइलमध्ये असते तशी लिथियम-आयन बॅटरी तिथे ठेवू नये. 3.6 व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी 85 अंशांपर्यंत चालते. ती बराच काळ स्वस्थ राहिली की पहिल्या झटक्याला दबते, म्हणून तिच्या जोडीला मोठा कपॅसिटर हवा.

खरेदी करण्यापूर्वी एकच कंटेनर आणि चार मॉड्यूल घेऊन दोन दिवसांची चाचणी करावी. माल भरलेला, मधल्या थरातला आणि दोन्ही बाजूंनी शेजार असलेला कंटेनर निवडावा. एक मॉड्यूल वरच्या चिरेपाशी 9 सेंटिमीटर अंतर ठेवून, एक तळाशी, एक हवेच्या भोकांपाशी आणि एक दाराबाहेर ठेवावे. सगळी 25 मिलिवॅट, फॅक्टर 12 वर, दर दहा मिनिटांना. गेटवेवर प्रत्येकाच्या ऐकू आलेल्या लहरीची पातळी आणि हरवलेले निरोप आपोआप नोंदले जातात. दुसऱ्या दिवशी गेटवेची अँटेना आडवी करून तेच पुन्हा करावे. ते आकडे, दोन थप्प्यांमधल्या गल्लीची टेपने मोजलेली रुंदी आणि दारांची दिशा एवढे इथे लिहिलेत, तर किती गेटवे आणि कुठे, हे मी नेमके सांगू शकेन.